लश्करहून ललितपूरला

मुकुंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी काठमांडूला ठरली तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गोतावळ्याचं एकच म्हणणं होतं: नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का? व्हिसा लागत नाही, देव तेच, लिपी तीच. ग्वाल्हेरकरांना तर नेपाळ आणखीच घरचं वाटतं, कारण शिंद्यांच्या राजवाड्याचं सोयरपण तिथलं. माधवीराजे १९६६ साली नेपाळच्या राणा घराण्यातून सून म्हणून आल्या आणि त्यांच्या सासूबाई विजयाराजे यांचं आजोळही राणांचंच. चिटनीस की गोठमधल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांना ही सगळी नाती तोंडपाठ आहेत. त्यात आम्ही घर बघितलं काठमांडूला लागूनच असलेल्या ललितपूरला, म्हणजे पाटणला. मुकुंदच्या आत्यांना बरेच दिवस ते झाशीच्या पुढचं ललितपूर वाटत होतं आणि त्या निर्धास्त होत्या.

आता दोन वर्षं होत आली. मध्यंतरी ग्वाल्हेर-इंदूरच्या ओळखीपाळखीतून बरेच फोन आले. नेपाळमध्ये वीजप्रकल्पांची कामं वाढली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट वीज भारताने घ्यायची. त्यामुळे मुकुंदसारख्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांना विचारणा होते. फोनवर सगळे पगार आणि हवामान विचारतात. मला सांगायचं असतं ते वेगळंच. सीमा उघडी आहे म्हणून तो आपलाच देश ठरत नाही. दुबईला किंवा जर्मनीला निघाला असतात तर जेवढी तयारी केली असती, तेवढीच नेपाळला जाताना करा. आणि तिथल्या माणसांशी वागतानाही तो त्यांचा देश आहे हे धरूनच वागा.

पहिलं म्हणजे पासपोर्ट. दोन्ही देशांतल्या १९५० च्या करारामुळे भारतीय माणूस नेपाळमध्ये व्हिसाशिवाय जाऊ शकतो, राहू शकतो. विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना आधार कार्डही चालतं. म्हणजे आमच्या घरात रेवा आणि सोहम ही मुलं आणि सासूबाई आधारवरच जाऊ शकल्या असत्या. तरीही मी पाचही जणांचे पासपोर्ट काढूनच निघायचं म्हणून बसले. घरच्यांना तो हट्ट वाटला. पण प्रवासापुरतं ओळखपत्र असणं वेगळं आणि तिथे संसार मांडणं वेगळं. बँकेत खातं, शाळेचा प्रवेश, दवाखान्यातली भरती, उद्या दूतावासात काही काम पडलं तर, सगळीकडे परक्या देशातला माणूस म्हणूनच उभं राहायचं असतं. हातात पक्का कागद असला की बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

दुसरं, सगळ्यांनी एकदम जायचं की नाही. रीत अशी की आधी नवरा जातो, बस्तान बसलं की बायकामुलं, आणि म्हातारं माणूस मागे दिरा-जावेकडे. आमच्याकडेही तेच ठरत होतं. पण मुकुंदचं काम असं की महिन्यातले निम्मे दिवस साइटवर, डोंगरात. म्हणजे मी दोन मुलांना घेऊन नव्या शहरात एकटी, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ग्वाल्हेरला आपल्या घरातून उठून दुसऱ्यांच्या घरात. मी आईंना सरळ विचारलं. त्या बहात्तर वर्षांच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. त्या म्हणाल्या, "देवघर नेणार असशील तर मी येते. देव मागे ठेवून मी कुठे जाणार नाही." बाकी काही अट नाही. मला वाटतं, नातेवाईक आपसात वृद्धांची सोय ठरवत बसतात, त्या माणसाला कुणी विचारतच नाही. विचारलं की पुष्कळदा उत्तर सोपं निघतं.

एप्रिल २०२३ मध्ये निघालो. सामान फार नेलं नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन ग्वाल्हेरलाच विकलं. गाडी तर नेण्यात अर्थच नव्हता, भारतीय नंबरची गाडी नेपाळमध्ये वर्षातून जेमतेम महिनाभर चालवता येते आणि तीही रोजचा कर भरून. कपडे, पुस्तकं, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, देव आणि रेवाचा तानपुरा, एवढं घेतलं. तानपुऱ्यामुळे विमान नको म्हटलं. ग्वाल्हेरहून बरौनी मेल थेट गोरखपूरला जाते. तिथून टॅक्सीने सीमेवरचं सोनौली, मग कमानीखालून चालत पलीकडे नेपाळमधलं बेलहिया.

तिथल्या भन्सारवर, म्हणजे कस्टमच्या कचेरीत, आमचं सामान उघडलं. तानपुऱ्याची पेटी बघून तिथला तरुण अधिकारी थांबला. आत काय म्हणून विचारलं. रेवाने पेटी उघडली, गवसणी काढली. प्रवासात तारा उतरल्या होत्या. तिने खाली बसून खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, जोडीच्या तारा मिळवल्या. मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न चालू होते आणि ती कान भोपळ्याला लावून बसली होती. अधिकारी उभ्या उभ्या ऐकत राहिला. मग त्याने फक्त एवढं विचारलं, की हे विकायला नेताय की वाजवायला. "शिकायला," रेवा म्हणाली. त्याने स्वतःच्या हाताने पेटीचं झाकण लावून दिलं. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. पण एक लक्षात घ्या, त्याला विचारायचा अधिकार होता. आमच्या मागच्या एका कुटुंबातला माणूस हुज्जत घालत होता, की आपल्याच देशासारखं आहे, कसली तपासणी. असं बोलू नये.

आणि रस्त्याने जाणार असाल तर आषाढ-श्रावणात अजिबात नको. नारायणघाट ते मुग्लिन हा टप्पा पावसाळ्यात फार वाईट. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. तेव्हापासून मुकुंद साइटवर असला आणि पाऊस लागला की मी रोज दोनदा फोन करते.

पैशांचं सांगते, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गाफील असतात. शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दोन्हींना रुपयेच म्हणतात. म्हणून दुकानात, घराच्या भाड्यात, पगाराच्या बोलणीत पहिला प्रश्न हाच असतो: आयसी की एनसी? आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. दोन लाख पगार ऐकून घरी पेढे वाटायच्या आधी हे विचारा. दोन लाख एनसी म्हणजे सव्वा लाख आयसी. वाईट नाही, पण दोन लाख नाही. मुकुंदच्या करारपत्रात चलन कोणतं, तिथला कर कोण भरणार आणि भारतात पैसे पाठवायला लागणारी कागदपत्रं कंपनी देणार का, हे तिन्ही आम्ही लिहून घेतलं. ग्वाल्हेरच्या फ्लॅटचा हप्ता तर भारतीय रुपयांतच जाणार. भारतातून नेपाळला पैसे पाठवणं सोपं आहे, उलट दिशेला बँका कागद मागतात. म्हणून निघण्याआधी वर्षभराचे हप्ते भारतातल्या खात्यात बाजूला काढून ठेवले होते. पहिले काही महिने तो हिशोब फार कामी आला. नेपाळमध्ये बँक, परवाना वगैरे सावकाश होत राहिलं आणि मन शांत होतं.

इन्कम टॅक्सलाही नेपाळ परदेशच आहे. भारतात किती दिवस राहिलात ते मोजलं जातं, आणि एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन्ही देशांत २०११ चा करार आहे. एखाद्या जाणत्या सीएला निघण्याआधीच भेटा. मोबाइलचा भारतीय नंबर बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. २०२४ पासून आपलं यूपीआय इथल्या दुकानांतल्या क्यूआरवर चालायला लागलंय, माहेरची माणसं आली की त्यांना ते सोयीचं पडतं. आईंना सासऱ्यांचं फॅमिली पेन्शन आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणून दिवाळीला जोडून ग्वाल्हेरची खेप आम्ही ठरवूनच टाकली आहे. आणि आरोग्य विम्याची पॉलिसी काढून नीट वाचा. बहुतेक पॉलिसी भारतातल्याच उपचारांपुरत्या असतात. आईंसाठी डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं आणि मात्रा लिहून आणली होती. इथे कंपनी वेगळी मिळते, औषध तेच असतं, पण तो कागद नसेल तर दुकानदार तरी काय करणार.

घर. इथे माणसं मजल्यावर राहतात. घरमालक, म्हणजे घरबेटी, त्याच इमारतीत वर किंवा खाली राहतात आणि एकेक मजला भाड्याने देतात. भाडं नेपाळी महिन्याच्या हिशोबाने. इथे सगळा व्यवहार विक्रम संवतावर चालतो. आम्ही आलो तेव्हा १४ एप्रिलला २०८० साल लागलं. महिन्यांची नावं आपलीच, वैशाख, जेठ, असार, पण ते सूर्यावर चालतात, त्यामुळे आपला वैशाख आणि त्यांचा वैशाख जुळेलच असं नाही. आईंनी पहिल्याच आठवड्यात नेपाळी पात्रो, म्हणजे तिथलं कॅलेंडर, विकत घेतलं. त्यात तिथ्या छापलेल्या असतात. एकादशी, चतुर्थी सापडली आणि त्यांची गाडी रुळावर आली.

पाणी टँकरचं, प्यायला जारचं. ग्वाल्हेरकरांना याची सवय आहे. मे महिन्यात तिकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा इथे रात्री पांघरूण लागतं, हे सुख सांगून कळणार नाही. हिवाळ्यातली सकाळची हवा मात्र धुराने जड असते, सोहमला खोकला धरतो.

घर बघताना मी स्वयंपाकघराआधी खांब बघितले. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ चा होता. पाटणच्या दरबार चौकातली देवळं पडली होती, ती त्यानंतर एकेक करून उभी राहत गेली. आमची इमारत त्यानंतर बांधलेली आहे, हे बघूनच घेतली. घरबेटीदिदींनी पहिल्या दिवशी मुलांना जिना, अंगण आणि बाहेरचं मोकळं मैदान दाखवलं. रात्र असली, दिवे गेले तरी इथे यायचं, असं सांगितलं. दाराशी एक पिशवी नेहमी भरलेली असते: पासपोर्टच्या प्रती, आईंची औषधं, टॉर्च, पाणी, बिस्किटं, शाली. ३ नोव्हेंबर २०२३ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास ती लागली. केंद्र लांब पश्चिमेला जाजरकोटला होतं, ६.४ चा. काठमांडूत नुकसान नाही झालं, पण पलंग हलला, भांडी वाजली. मुकुंद साइटवर होता. मी सोहमला उचललं, रेवाने आजीचा हात धरला. खाली आलो तर दिदी आधीच अंगणात उभ्या, आमची संख्या मोजत होत्या. सगळे आलेले बघून त्यांनी आईंच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. दिल्ली-लखनौपर्यंत धक्के जाणवले होते, त्यामुळे ग्वाल्हेरचे फोन लगेच सुरू झाले. जाजरकोटला दीडशेच्या वर माणसं गेली हे सकाळी कळलं. दिदी दिवसभर बोलल्या नाहीत.

याच दिदींनी मला नाकाबंदीबद्दल सांगितलं. हिवाळ्यात गच्चीवर आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. भूकंपानंतर पाचच महिन्यांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, नवी राज्यघटना आली आणि भारताच्या सीमेवर मालाच्या गाड्या थांबल्या. भारत सरकारचं म्हणणं असं की ती नाकाबंदी नव्हती, तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या, आंदोलनामुळे गाड्या अडल्या. इथे लहान-मोठं कुणीही तिला नाकाबंदीच म्हणतं. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं संपत आलेली. दिदींनी त्या हिवाळ्यात याच गच्चीच्या कोपऱ्यात विटांची चूल मांडून, पडक्या घरांची लाकडं जाळून स्वयंपाक केला. धूर कसा यायचा, पावसात काय करायचं, धाकट्याला दूध गरम करून द्यायला किती वेळ लागायचा, सगळं सांगितलं. चूल होती ती जागाही दाखवली, भिंतीवर अजून काळं आहे. आवाजात राग नव्हता. मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मला माहीत नव्हतं. आपल्याकडे किती जणांना आहे? ज्या काळाने इथल्या प्रत्येक घरात डाग ठेवलाय, त्याची आपल्याकडे बातमीही नीट पोचली नाही. म्हणून "नेपाळ आपलंच आहे" हे वाक्य मी सोडलं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सोडायला सांगते. आपण ते प्रेमाने म्हणतो हे खरं. ऐकणाऱ्याला त्यात मालकी ऐकू येते.

मुलांनाही हे शिकवावं लागतं. बुद्ध लुंबिनीला जन्मले, आणि लुंबिनी नेपाळमध्ये आहे, हे इथे फार जिव्हाळ्याचं आहे. शिवाय नकाशा. २०२० मध्ये नेपाळने नवा नकाशा काढला, त्यात लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा स्वतःच्या हद्दीत दाखवले. भारताच्या नकाशात ते भारतात आहेत. रेवाच्या पुस्तकात एक नकाशा आणि दिदींच्या जिन्यात टांगलेला दुसरा. तिने विचारलं, खरा कोणता? मी सांगितलं, दोन्ही देशांचा यावर वाद आहे, तो चर्चेने सुटायचा आहे, आणि आपण ज्यांच्या घरात राहतो त्यांच्या जिन्यात उभं राहून तो सोडवायचा नाही. बारा वर्षांच्या मुलीला ते बरोबर कळलं.

शाळा आम्ही सीबीएसईचीच घेतली. काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, इतरही सीबीएसईच्या शाळा आहेत. नेपाळी शाळांत दहावीला एसईई ही परीक्षा असते. कायमचं राहायचं असेल तर मी तीच निवडली असती, पण नोकरी कराराची आहे, परतायची शक्यता धरून चालावं लागतं. आम्ही आलो तेव्हा सुट्टी शनिवारची, रविवारी शाळा आणि कचेऱ्या चालू. हे जमायला मुलांना वेळ लागला. रविवारी ग्वाल्हेरला सगळी भावंडं एकत्र जमायची, व्हिडिओ कॉल लावायची आणि आमची मुलं शाळेत असायची. आता त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळी वेळ ठरवून घेतली आहे. घड्याळही पंधरा मिनिटं पुढे. रेवाचे गुरुजी लश्करातून ऑनलाइन शिकवतात, त्यांचे सहा म्हणजे आमचे सव्वासहा. ते वेळेचे अत्यंत काटेकोर. ग्वाल्हेरच्या गायकीत अस्ताई-अंतरा पुरा, स्वच्छ म्हणायची शिस्त आहे, ती ते स्क्रीनवरूनही सोडत नाहीत. तिचं गाणं तुटू नये ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. तुटलं नाही.

आणि आई. त्यांची काळजी आम्ही करत होतो, आणि सगळ्यांत आधी त्याच रुळल्या. पाटणला वैशाखात रातो मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो. लाकडी चाकांचा रथ आणि त्यावर वेत-बांबूंचा, हिरव्या डहाळ्यांनी मढवलेला उंचच उंच मनोरा, पुलचोकहून निघून दोर लावून माणसं ओढत नेतात. पाऊस चांगला व्हावा म्हणून ही जत्रा. लहानपणापासून नवनाथांच्या कथा ऐकत आलेल्या आईंना मच्छिंद्रनाथ रस्त्यावरून येताना दिसले. मनोरा डोलत होता, लोक ओरडत होते. दिदींच्या सासूबाई आणि आमच्या आई हातात हात धरून कडेला उभ्या होत्या. एक नेवारी बोलते, एक मराठी, दोघींची हिंदी मोडकी. आता रोज संध्याकाळी दोघी कृष्ण मंदिरापर्यंत फिरून येतात. १६३७ साली सिद्धिनरसिंह मल्ल राजाने बांधलेलं ते दगडी देऊळ, त्यावर रामायण-महाभारत कोरलंय. आई रोज एक प्रसंग ओळखून येतात आणि जेवताना सोहमला सांगतात.

मुकुंदचा करार आणखी दोन वर्षं वाढवायचं विचारताहेत. रेवा पुढच्या वर्षी आठवीत जाईल. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, त्यानंतर शाळा बदलणं किचकट. म्हणजे एकतर नववीच्या आधी परतायचं, नाहीतर दहावी होईपर्यंत इथेच. मुकुंदने निर्णय माझ्यावर सोडलाय. मी रेवाला विचारलं, आईंना विचारलं, सोहमला काही विचारायची गरज नाही, त्याचे सगळे मित्र इथेच आहेत. दहावीपर्यंत राहायचं ठरलंय. ग्वाल्हेरला अजून कुणाला सांगितलेलं नाही, दिवाळीत गेले की समोर बसून सांगेन.